कर्ज माझ्या नावावर काढू की हिच्या? (माजी सैनिक, काजू युनिट)

आजऱ्याचा_हवालदार | ९ नोव्हेंबर

राम राम मंडळी. जुलैत पेन्शनवर आलो. मराठा लाइट इन्फंट्री, २२ वर्षं, शेवटची काही वर्षं एमटीत, म्हणजे गाड्यांच्या विभागात. वय ४१. गाव आजरा तालुक्यात, पण पोरांच्या शाळेसाठी सध्या कोल्हापुरात कदमवाडीत भाड्यानं आहे. कम्युटेशन (पेन्शनचा आधीच एकरकमी घेतलेला भाग) कापून पंचवीसेक हजार हातात येतात. सिक्युरिटीत जायचं नाही एवढं पक्कं. रात्रीच्या ड्युट्या आयुष्यभराच्या करून झाल्यात.

काजू प्रक्रियेचं युनिट काढायचं डोक्यात आहे. खरं सांगायचं तर माझ्या नाही, हिच्या डोक्यात. मी बाहेर होतो तेव्हा हिनं गावाकडं एका काजू कारखान्यात चार वर्षं काम केलंय. कटिंग, सोलणं, ग्रेडिंग, सगळं. मला काजू खाण्यापलीकडं काही कळत नाही.

प्रकल्प २० लाखांच्या आसपास जाईल. पीएमईजीपीत (केंद्राची स्वयंरोजगाराची कर्ज-अनुदान योजना) माजी सैनिकाला ३५ टक्के सबसिडी आहे असं कळलं. भाऊ, मेहुणा, गावातली चार माणसं सगळी एकच सांगतात, "तू फौजी, कर्ज तुझ्याच नावावर काढ, बँकवाले उठून उभे राहतील." ही म्हणते, काम मी करणार तर कागद तुमच्या नावावर कशाला? या प्रश्नावर घरात आठ दिवस जेवण गार होतंय.

गावात वडिलांच्या नावावर शेड आहे. नाहीतर उचगावात एक भाड्यानं मिळतंय. जाणकारांनी सांगावं.

उद्यमनगरचा | ९ नोव्हेंबर

बँकवाले उठून उभे राहतात, खरंय. चहा पण पाजतात. मग "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात.

माझं लेथचं वर्कशॉप आहे, वीस वर्षं बघतोय. एक गोष्ट लिहून ठेव भावा, सबसिडीसाठी प्रोजेक्ट फुगवू नकोस. मशीन विकणारा स्वतःच सांगतो, "साहेब, कोटेशन जास्तीचं करून देतो, सबसिडी जास्त पडेल." पडते की! पण कर्ज पण जास्त पडतं, आणि ते फेडायला मशीनवाला येत नाही.

बँकेतून_निवृत्त | ९ नोव्हेंबर

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नातच थोडा गैरसमज आहे, तो आधी काढूया.

पीएमईजीपीत दोन गट आहेत, सर्वसाधारण आणि विशेष. विशेष गटाला ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के. (सर्वसाधारण गटाला २५ आणि १५, हिस्सा १० टक्के.) आता या विशेष गटात कोण कोण येतं ते बघा: अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक आणि महिला. म्हणजे तुम्ही माजी सैनिक म्हणून जेवढं घेणार, तेवढंच वहिनी केवळ महिला म्हणून घेणार. एक रुपयाचा फरक नाही. उलट तुम्हाला माजी सैनिक असल्याचा कागद जोडावा लागेल, त्यांना महिला असल्याचा दाखला कोणी मागत नाही.

दुसरं, योजनेत कुटुंब म्हणजे नवरा-बायको, आणि एका कुटुंबाला एकच युनिट. त्यामुळे "एक माझ्या नावावर, एक हिच्या" हा मार्ग बंद आहे. जो अर्ज कराल तो विचार करून करा.

हिशेब असा: प्रकल्प २० लाख. तुमचा हिस्सा ५ टक्के, म्हणजे १ लाख. बँक देणार १९ लाख. अनुदान प्रकल्पखर्चावर ३५ टक्के, म्हणजे ७ लाख. पण हे ७ लाख तुमच्या हातात येत नाहीत. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. म्हणजे व्याज १२ लाखांवरच लागायला पाहिजे. स्टेटमेंट दर तिमाहीला स्वतः तपासा, चुकून १९ वर लावलेलं मी पाहिलंय. तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची पाहणी होते, मग ते ७ लाख कर्जात वळते होतात. मध्येच युनिट बंद पडलं तर अनुदान गेलं.

काजू प्रक्रिया म्हणजे उत्पादन, तिथं मर्यादा ५० लाख आहे. सेवा उद्योगाला २० लाख.

तांबडा_पांढरा | ९ नोव्हेंबर

अवांतर: मटण खानावळीला चालते का ही योजना? मित्रासाठी विचारतोय 😀

बँकेतून_निवृत्त | ९ नोव्हेंबर

पूर्वी सामिष हॉटेल नकारात्मक यादीत, म्हणजे योजनेत न बसणाऱ्या धंद्यांत होतं. २०२२ पासून हॉटेल-ढाब्यात मांसाहार चालतो. दारू मात्र चालत नाही. मित्राला सांगा, खानावळ सेवेत मोडते, मर्यादा २० लाख.

तांबडा_पांढरा | ९ नोव्हेंबर

म्हंजे कोल्हापूरला २०२२ पर्यंत ही योजना लागूच नव्हती म्हणा की!

कागलकर_पाटील | १० नोव्हेंबर

उचगाव आणि गाव यात फरक काय पडेल? माझ्या माहितीत उचगाव, पाचगाव, कंदलगाव अजून ग्रामपंचायतीत आहेत, म्हणजे ग्रामीण दर लागतो. शिवाजी उद्यमनगरात काढलं तर महापालिका हद्द, दर २५. रस्त्याच्या अलीकडं-पलीकडं १० टक्क्यांचा फरक. हद्दवाढीला ती गावं उगाच विरोध करत नाहीत 😀

उद्यमनगरचा | १० नोव्हेंबर

हद्दवाढ धाग्यात आणू नका, २०० प्रतिसाद होतील आणि काजू राहील बाजूला.

पण बी आजरा-चंदगडला पिकते, सोलणाऱ्या बाया तिकडं आहेत, आणि युनिट उचगावात? बी इकडं आणायची, गर परत तिकडच्या व्यापाऱ्याला दाखवायचा. डिझेलवाला श्रीमंत होईल. शेड गावात आहे ना, मग विषयच संपला. जागेची किंमत तशीही प्रकल्पखर्चात धरत नाहीत. वडिलांकडून स्टॅम्पवर भाडेकरार किंवा संमतीपत्र, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, महावितरणची थ्री फेज. झालं.

टाकळीची_सून | १० नोव्हेंबर

मी सैनिक टाकळीची सून. आमच्या गावात फौजेचा कागद नाही असं घर शोधावं लागतं, म्हणून अनुभवाचं सांगते. वहिनींच्या नावावर करायचं असेल तर आजच त्यांची सगळी कागदं एका ओळीत मांडून बघा.

माझं नाव आधारवर एक, पॅनवर माहेरचं, ह्यांच्या डिस्चार्ज बुकात तिसरंच. भरतीनंतर लग्न झालं तेव्हा युनिटमधल्या क्लार्कनं जे कानाला ऐकू आलं ते लिहिलं. जन्मतारीखसुद्धा १ जून. (आमच्या पिढीत निम्मं गाव १ जूनला जन्मलंय.) उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आधार आणि पॅनवर चालते, तिथं नाव जुळलं नाही की गाडी अडते. नोंदणी फुकट आहे, कुणाला पैसे देऊ नका, नाव मात्र जुळायला पाहिजे. मी पॅन दुरुस्त केलं, ते लवकर झालं.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओतलं (पेन्शनच्या आदेशातलं) नाव कर्जाला लागणार नाही, पण तेही आत्ताच दुरुस्त करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो, तुमचं रेकॉर्ड बेळगावलाच, जवळ आहे. उद्या वेळ आलीच तर कुटुंब निवृत्तीवेतनासाठी बाईला तेच नाव सिद्ध करत फिरावं लागतं. शेजारच्या काकूंना दीड वर्ष फिरताना बघितलंय. नवरा गेल्याचं दुःख करायला त्यांना सवडच मिळाली नाही.

आजऱ्याचा_हवालदार | १० नोव्हेंबर

ताई, तुमचं वाचून लगेच ट्रंक उघडली. आधारवर "सुनिता", पॅनवर "सुनीता", डिस्चार्ज बुकात "सुनंदा". सुनंदा माझ्या थोरल्या वहिनीचं नाव आहे. बावीस वर्षं मी कुणाचा नवरा होतो देवाला माहीत.

ही हसून हसून खाली बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

तांबडा_पांढरा | १० नोव्हेंबर

नाद खुळा 😂

व्हर्जिनियातून_राजारामपुरी | ११ नोव्हेंबर

थोडं इकडचं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या कर्जाचा विषय निघाला की जोडीदार त्यात धरलेलाच असतो. एसबीए नावाची सरकारी संस्था स्वतः सहसा कर्ज देत नाही, बँकेला हमी देते. २००७ ते २०१३ या काळात "पेट्रियट एक्सप्रेस" नावाची योजना होती, ५ लाख डॉलरपर्यंत. तिच्यात माजी सैनिक, त्यांचे पती किंवा पत्नी, सेवेत असलेल्यांचे जोडीदार आणि सेवेत मृत्यू आलेल्यांच्या विधवाही पात्र होत्या. आता ती बंद झाली. पण एसबीए एक्सप्रेस कर्जावर माजी सैनिकाला किंवा त्याच्या जोडीदाराला सुरुवातीची हमी फी माफ आहे.

विचार असा की फौजीची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, त्याच्या मागं बायकोची नोकरी मोडत जाते, म्हणून तिलाही उभं करायचं. आपल्याकडं बायको "महिला" म्हणून योजनेत बसते, "सैनिकाची पत्नी" म्हणून नाही. पैसे तेच मिळतात, पण मागच्या दारानं.

बँकेतून_निवृत्त | ११ नोव्हेंबर

मुद्दा चांगला आहे. आपल्याकडे पूर्वी डीजीआरच्या (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी कार्यालय) "सेमफेक्स" नावाच्या खास माजी सैनिकांच्या कर्जयोजना होत्या, पण आता त्यावर विसंबू नका.

धागाकर्त्यांनी एक सांगितलं नाही. दोघांचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, काढलंत का?

आजऱ्याचा_हवालदार | १२ नोव्हेंबर

काढलं. हिचं "-१" आलं. माझं… साहेब, माझं ५८० आलं.

सांगायला लाज वाटते. पलटणीतल्या एका मित्राच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहिलो होतो. त्यानं हप्ते थकवले, मला पत्ताच नाही. आठ वर्षं एका बंकरमध्ये झोपलेला माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं?

उद्यमनगरचा | १२ नोव्हेंबर

असं हाय होय. मग आठ दिवस जेवण कशाला गार केलंस?

बँकेतून_निवृत्त | १२ नोव्हेंबर

लाज वाटून घेऊ नका, माजी सैनिकांच्या फायलीत हे प्रकरण मी नेहमी पाहिलंय. फौजेत सही ही मैत्रीची खूण असते, बँकेत ती रकमेची असते.

-१ म्हणजे वाईट नव्हे. त्याचा अर्थ कर्जाचा इतिहासच नाही. पाटी कोरी आहे. ५८० मात्र वाईट.

पण बायकोच्या नावावर अर्ज केला म्हणून तुम्ही सुटला असं समजू नका. शाखेनं तुम्हाला जामीनदार म्हणून बोलावलं की तुमचं सिबिल बघणारच. मित्राला गाठा, थकबाकी भरून घ्या. तडजोड करून "सेटल्ड" शेरा घेऊ नका, पूर्ण भरून खातं बंद केल्याचं पत्र घ्या. तारणाबद्दल म्हणाल तर सूक्ष्म-लघु उद्योगाला ठरावीक रकमेपर्यंत बँकेनं तारण मागायचंच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई या सरकारी हमी निधीची हमी असते. तिची फी भरावी लागते, महिलांना तीत थोडी सवलत आहे. शाखेत "घराचा उतारा आणा" म्हणाले तर शांतपणे सीजीटीएमएसई हा शब्द उच्चारा.

आणि कोणी "पेन्शन लोन घ्या, दोन दिवसांत देतो" म्हणेल. मिळतंही दोन दिवसांत. पण त्याचा हप्ता थेट पेन्शनमधून जातो, धंदा चालो न चालो. कायद्यानं पेन्शनवर कोर्टाची जप्ती येत नाही, १८७१ च्या कायद्यापासून ते संरक्षण आहे. ते तुम्ही स्वतःच्या सहीनं सोडून देता. शिवाय तुमच्या पश्चात कुटुंब निवृत्तीवेतन काही वर्षांनंतर शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर येतं. निम्म्या पेन्शनचा हप्ता तेव्हा कोण भरणार? पेन्शन हे घराचं रेशन आहे, धंद्याच्या चुलीत घालू नका.

मिलिटरी_कॅन्टीन_कोल्हापूर | १३ नोव्हेंबर

साहेबांना +१. मी सुभेदार म्हणून रिटायर. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन सगळं महिन्याला टक्केवारी देणाऱ्या एका कंपनीत घातलं. आठ महिने पैसे आले, पेढे वाटले, दोन मेहुण्यांना पण घालायला लावले. नवव्या महिन्यात ऑफिसला कुलूप. मेहुणे अजून दिवाळीला येत नाहीत.

टेंबलाईला कॅन्टीनच्या रांगेत उभं राहिलं की असे एजंट आजपण भेटतात. हल्ली नवीन आहे, "सबसिडी पास करून देतो, १० टक्के द्या." पीएमईजीपीचा अर्ज ऑनलाइन आहे, मध्ये कुणीच लागत नाही.

चंदगडचा_बोंडू | १४ नोव्हेंबर

काजूवाला बोलतो. सगळे सबसिडीवर बोलताय, धंद्यावर कोणीच नाही.

काजूत मशीनला पैसे लागत नाहीत, बीला लागतात. बी मार्च ते मे येते. वर्षभर युनिट चालवायचं तर वर्षाची बी त्या तीन महिन्यांत भरून ठेवायची. रोज फक्त ५० किलो बी फोडायची म्हटली तरी २५० दिवसांना साडेबारा टन झाली. समजा १२० रुपये भाव धरला, १५ लाख! तुझा २० लाखांचा प्रकल्प गोदामातच बसला की. आणि चार किलो बीला एक किलो गर पडतो, तोही बी चांगली असली तर. ओली बी भरली की बुरशी, मग गर काळा, मग "पाकळी-तुकडा" म्हणून भाव पडतो.

म्हणून शेड-मशीनमध्ये पैसा कमी अडकव आणि खेळतं भांडवल जास्त माग. माझं ऐकशील तर पहिला हंगाम दुसऱ्याची बी सोलून दे, नुसती मजुरी घे. बॉयलर, कटर, बोर्मा (गर वाळवायची भट्टी) कसा चालतो ते हातात बसतं. वहिनींचं बसलेलं आहे, तुझं बसायचं आहे.

बँकेतून_निवृत्त | १४ नोव्हेंबर

हा धाग्यातला सर्वात मोलाचा प्रतिसाद. एकच पुस्ती: पीएमईजीपीत खेळत्या भांडवलाचं कॅश क्रेडिट (मंजूर मर्यादेत लागेल तसं उचलायचं कर्ज) तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण १०० टक्के वापरलं गेलं पाहिजे आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत जातं. म्हणजे जास्त मागा, पण लागेल तेवढंच.

कागलकर_पाटील | १५ नोव्हेंबर

अन्नप्रक्रियेला पीएमएफएमई (केंद्राची छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना) पण आहे ना? कृषी विभागाकडून, ३५ टक्के, कमाल १० लाख. आणि मराठा समाजातल्यांना अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा, १५ लाखांच्या कर्जापर्यंत. तिन्ही घेतलं तर?

बँकेतून_निवृत्त | १५ नोव्हेंबर

तिन्ही नाही. एका युनिटवर दोन सरकारी अनुदानं चढवता येत नाहीत. वहिनींच्या बाबतीत पीएमईजीपी आणि पीएमएफएमई यांत टक्केवारी सारखीच, पण पीएमएफएमईत स्वतःचा हिस्सा १० टक्के लागतो. तिथं जिल्हा संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवाल करायला मदत करते, ही चांगली गोष्ट. राज्याची सीएमईजीपी (पीएमईजीपीसारखीच योजना) पण आहे, ती जिल्हा उद्योग केंद्राकडं. एक निवडा आणि मागं लागा.

टाकळीची_सून | १५ नोव्हेंबर

एक विचारू का भाऊ? इतकी पानं भरली, पण वहिनींना कुणी विचारलं का त्यांना १९ लाखांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं आहे का? "हिच्या नावावर काढतो" म्हणजे तुम्हीच काढणार. आमच्या गल्लीत तीन "महिला उद्योजिका" आहेत, एकीनंही स्वतःचं पासबुक बघितलेलं नाही. नवरा सह्या घेतो आणि बोर्डावर बाईचं नाव लावतो.

आजऱ्याचा_हवालदार | १५ नोव्हेंबर

हा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ताईंना सांगा, चेकबुक माझ्या डब्यात राहणार."

---

आजऱ्याचा_हवालदार | २७ जानेवारी

धागा वर आणतोय. सगळ्यांचे आभार मानायचे राहिलेत.

मित्राला गाठला. रुसला, शिव्या घातल्या, मग एका रात्री स्वतःच फोन केला. थकबाकी भरली, खातं बंद झाल्याचं पत्र हातात आहे. सिबिल वर यायला वेळ लागेल. पॅन दुरुस्त झालं. बेळगावचा अर्ज गेलाय, सुनंदा अजून कागदोपत्री माझी बायको आहे.

प्रकल्प १४ लाखांवर आणला, अर्ज हिच्या नावानं. शेड गावातलंच. चंदगडकरांनी सांगितल्याप्रमाणं मशीन कमी, खेळतं भांडवल जास्त. मागच्या आठवड्यात बँकेत बोलावलं. साहेबांनी सवयीनं माझ्याकडं बघून विचारलं, "मार्केट कुठलं?" मी तोंड उघडायच्या आत हिनं बोलायला सुरुवात केली. १८० नंबर, २१०, २४०, ३२०, कुठला व्यापारी कुठला नंबर उचलतो, कशात किती घट येते. साहेबांनी विचारलं, "२४० म्हणजे २४० ग्रॅम का?" ही म्हणाली, "नाही साहेब, एका पौंडात बसणारे दाणे. आकडा वाढला की दाणा बारीक." मग पर्समधून पुडी काढून टेबलावर दोन नंबर शेजारी शेजारी मांडून दाखवले. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, गाडी लावायला जागा मिळाली का म्हणून.

मंजुरीपत्र काल आलं. आता ईडीपी ट्रेनिंग, म्हणजे उद्योजकतेचं प्रशिक्षण.

टाकळीची_सून | २७ जानेवारी

वहिनींना माझा नमस्कार सांगा. पुडीसकट 🙏

उद्यमनगरचा | २७ जानेवारी

१४ वर आणलंस हे बरं केलंस. कोटेशन पाठव एकदा, मशीनवाल्यानं कुठं हात मारलाय बघतो.

चंदगडचा_बोंडू | २८ जानेवारी

अभिनंदन. फेब्रुवारीच्या शेवटी पहिली बी दिसेल. ती घेऊ नकोस, ओली असते. दात लावून बघायला शिक. नाहीतर वहिनींना पाठव.

आजऱ्याचा_हवालदार | २८ जानेवारी

तीच जाणार आहे. मी गाडी चालवणार, २२ वर्षांत तेवढं शिकलोय.

एक शंका राहिली. कटर पायाचा घ्यावा की ऑटो? ही म्हणते पायाचा, दाणा कमी फुटतो. मेहुणा म्हणतो ऑटो, माणसं मिळत नाहीत.

व्यवस्थापक | २८ जानेवारी

यासाठी नवीन धागा काढा, हा कर्जापुरता राहू दे.